आक्कांची पुरचुंडी

तराजू आक्का रोज खोटे बोलत, आणि ते रोज एकच असे. गिरणीच्या चाळींना लागून बाळंतिणींचा एक लहान दवाखाना होता, तिथे त्या नर्स होत्या. मूल जन्मले, नाळ कापून पुसून झाले, की त्या पितळी पारड्यात आधी जोंधळ्याची एक पुरचुंडी ठेवत, तिच्याशेजारी उघडे मूल ठेवत आणि दारातल्या आजीला मोठ्याने सांगत, "जोंधळा जोकतीया गं म्हातारे. लेकरू आपलं सोबतीला हाय." तान्ह्याला तराजूत घातले की दृष्ट लागते, असे तेव्हा मराठी, तेलुगू, कानडी सगळ्याच घरांत मानत. जोंधळा जोखला म्हटले की दृष्ट जोंधळ्याला लागणार, मूल सुटले. आजीलाही खरे काय ते कळत असे. पण ती मान हलवी, आणि वजन होऊन जाई.

ही पुरचुंडी बरोबर अर्ध्या पौंडाची होती. ती लक्षात ठेवा. मी ती एकदा विसरलो, आणि नंतर विसरल्याचे सोंग केले.

हे आज लिहायचे कारण सांगतो. गिरणीचा भोंगा बंद पडून वर्षे झाली. मी जुळे सोलापूर या नव्या वस्तीत मुलाच्या फ्लॅटवर राहतो. मागच्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याचा नातू गिरणीच्या आठवणींची स्मरणिका घेऊन आला. तीत आमच्या मॅनेजरसाहेबांचा पानभर फोटो आहे आणि 'कामगार स्त्रियांचे कैवारी' असे त्यांना म्हटले आहे. आक्कांच्या वाट्याला दीड ओळ. त्या 'प्रेमळ परंतु हट्टी' होत्या आणि 'त्यांचे आकडे तपासाअंती टिकले नाहीत'. ते आकडे तपासणारा मी होतो. माझ्याखेरीज हे सांगू शकेल असे आता कोणी जिवंत नाही.

आक्का माढ्याकडच्या. लहानपणी विधवा झालेल्या, पुढे नर्सिंग शिकून सोलापुरात आलेल्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, नऊवारीवर पांढरा झगा चढवलेल्या. सकाळी आल्या की आधी रिकामी पारडी समोरासमोर येतात का ते बघत, आणि मूल ठेवण्यापूर्वी थंडगार पितळेवर स्वतःचा तळवा थोडा वेळ दाबून धरत. वहीत तराजू दाखवील तेच लिहीत, पुरचुंडीसकट. "डोक्यात वजाबाकी करायची न्हाय," त्या म्हणत. "डोकं दमतं, काटा दमत न्हाय. वजाबाकी कारकुनानं बसून करावी." तो कारकून मी. गिरणीच्या वेल्फेअर कचेरीत हंगामी नोकरीवर होतो, नुकतेच लग्न झालेले होते. आक्का मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय कारकून, हात धुतलं का?" हेच माझे स्वागत.

सुताच्या कांड्या भरण्याच्या खात्यात सगळ्या बायका. दिवसभर उभ्याने काम. पोटुशी बाई कळा सुरू होईपर्यंत यंत्राजवळ उभी असे, कारण घरी बसली की जागा दुसरीला जाई. बाळंतपणाआधी महिनाभर घरी बसू द्या आणि जागा राखून ठेवा, एवढेच बायकांचे मागणे होते. साहेब म्हणत, उभे राहिल्याने पोटातल्या मुलाचे वाईट होते याला पुरावा काय? एकदा तर त्यांनी दवाखान्यात येऊन एक गुटगुटीत मूल दाखवले. "हे बघा बाई. याची आई शेवटच्या तासापर्यंत उभी होती."

आक्कांनी मूल उचलून त्याच्या आईजवळ दिले. "साहेब, एक कणीस दाखवून शेताचा उतारा सांगताय व्हय? ह्याची आई पैलवानाची लेक हाय. घरी बसली असती तर ह्यो आणखी केवढा झाला असता, ते कुणी जोकलंय?"

साहेब हसले आणि म्हणाले, मग तुम्हीच जोखून दाखवा. वर्षभर निम्म्या बायकांना महिन्याची रजा देतो, निम्म्यांना नाही. फरक पडला तर सगळ्यांना देईन. मला वाटते, वर्षभर तोंडे बंद राहतील एवढाच त्यांचा हिशेब होता. आक्कांनी मात्र ते शब्दशः धरले.

पहिली भानगड रजा कोणाला द्यायची यावर झाली. खात्याची नायकीण म्हणजे बायकांवरची मुकादम. ती म्हणाली, ज्या अशक्त आहेत त्यांची नावे मी देते. ऐकायला हे दयेचे वाटते. आक्कांनी साफ नकार दिला. "अशक्तांनाच घरी बसवलं तर त्यांची लेकरं हलकीच निघायची. मग साहेब म्हणणार, बघा, बसून काय झालं? आन् तू तुझ्या मर्जीतल्या धडधाकट बायका बसवल्यास तर मी जिंकीन, पर ते जिंकणं खोटं. ना तुझी मर्जी, ना माझी." त्यांनी पितळी तांब्या आणला आणि त्यात चिठ्ठ्या टाकल्या. वाचता येणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, म्हणून निम्म्या चिठ्ठ्यांना हळद लावली, निम्म्या कोऱ्या ठेवल्या. हळद निघाली तिने घरी बसायचे. कोरी निघाली तिने उभे राहायचे. नायकिणीने पुढे वर्षभर आक्कांशी अबोला धरला.

नरसव्वा नावाची एक तेलुगू बाई होती, बारीक चणीची, जिभेने तिखट. तिची चिठ्ठी कोरी निघाली. तिने ती उलटसुलट केली, नखाने खरवडली. "आक्का, तुमची हळद संपली काय? लग्नात तर माझ्या सासूने पण एवढी कंजुषी केली नव्हती." सगळ्या हसल्या. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी तिचा हात धरला. "तू उभी ऱ्हाशील ती तुझ्यासाठी न्हाय, नरसव्वा. एकदा शाबीत झालं की समद्या बसतील. पुढच्या खेपेला तू बी." नरसव्वा म्हणाली, "उभं राहायची तर सवयच आहे." आणि गेली. त्या दिवशी आक्का जेवल्या नाहीत. कोऱ्या चिठ्ठीवाल्या बायका वर्षभर पुराव्यासाठी उभ्या राहिल्या, हे मला तेव्हा नीट उमगले नव्हते. आक्कांना उमगले होते.

चार-पाच महिन्यांनी मला उत्सुकता अनावर झाली. मी दोन्हीकडची सरासरी काढून त्यांच्याकडे धावत गेलो. हळदीची मुले थोडी जड होती. "आक्का, जिंकलो आपण."

"थांब. नुसत्या नशिबानं बी एवढा फरक पडत असंल तर?" त्यांनी सगळ्या मुलांची वजने माझ्याकडून कागदाच्या कपट्यांवर लिहून घेतली, हळद आणि कोरी हा भेद न ठेवता तांब्यात टाकून हलवली आणि मला डोळे मिटून दोन ढीग काढायला लावले. दोन्ही ढिगांची सरासरी काढली. पुन्हा सगळे तांब्यात. पुन्हा दोन ढीग. दुपारभर आम्ही तेच केले. तेवढा फरक नुसत्या नशिबाने बऱ्याचदा पडत होता. आक्कांनी तांब्या पालथा घातला. "अजून काय बी सांगता येत न्हाय. लेकरं थोडी हायती. आता वर्स संपंस्तवर बघायचं न्हाय. सारखं बघितलं की मन एका पारड्यात जाऊन बसतं."

त्यांनी शब्द पाळला, वही पुन्हा चाळली नाही. उलट खात्यात उभे राहून बायकांना सांगितले, "तराजू सांगंल ते मी मानीन. तो न्हाय म्हणला तर मी बी न्हाय म्हणीन, आन् तुमच्यासमोर म्हणीन." माणसाचा सगळ्यात चांगला गुण त्याच्याच गळ्याला फास म्हणून कसा लावता येतो, ते मी पुढे पाहिले.

वर्ष संपले. कच्ची वही माझ्याकडे आली. सकाळी मी हळदीच्या मुलांची पक्की नक्कल केली, प्रत्येक वजनातून अर्धा पौंड पुरचुंडी वजा करत. दुपारी जेवून आलो आणि कोऱ्या चिठ्ठ्यांची पाने नकलून काढली. वजाबाकी करायची राहून गेली. ती खरोखरची चूक होती, इथपर्यंत मी शपथेवर सांगेन. दोन्ही सरासऱ्या जवळजवळ सारख्या आल्या. मला वाईट वाटले. साहेबांनी कागद पाहिला आणि पहिल्यांदाच मला बसायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी काही कामाने दवाखान्यात गेलो तर टेबलावर पुरचुंडी पडलेली. ती पाहिली आणि दुपारची वजाबाकी राहिल्याचे आठवले. परत येऊन मी दार लावून सगळे पुन्हा मांडले, या वेळी दोन्हीकडे वजा करून. विश्रांती मिळालेल्यांची मुले जवळजवळ एका पुरचुंडीएवढी जड होती. मग आक्कांनी शिकवले तसे कपटे केले, मिसळले, ढीग काढले. संध्याकाळपर्यंत काढले. एवढा फरक नशिबाने एकदाही पडला नाही.

मी साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ओरडले असते तर बरे झाले असते.

"उद्या निकाल वाचायची सभा. आज तुम्ही म्हणता चूक झाली. परवा म्हणाल, तीही चूक होती. तुमच्या कागदावर विश्वास कसा ठेवायचा?"

"साहेब, कच्ची वही आहे ना."

"वही दप्तरी जमा झाली. तुम्ही अजून हंगामीच आहात ना? पहिल्या तारखेपासून कायम करायचा विचार होता." त्यांनी टाक खाली ठेवला. "मी तुम्हाला काही करा म्हणत नाही. काही करू नका, एवढेच."

गिरणीत लोकांनी मोठी मोठी पापे केली असतील. माझे पाप 'काही न करण्याचे' होते, म्हणून ते मला इतकी वर्षे पचले.

सभेत साहेबांनी पक्का कागद वाचला. फरक नाही. आक्का उठल्या, साहेबांकडे न बघता माझ्याकडे वळल्या. "कारकून, पुरचुंडी दोन्हीकडं वजा केलीस न्हवं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "केली, आक्का."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडे."

त्यांनी वही मागितली. साहेब म्हणाले, ती गिरणीची मालमत्ता आहे. आक्का बाहेर अंगणात बसलेल्या बायकांकडे गेल्या. कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तराजू न्हाय म्हणतोय."

नरसव्वा मूल काखेत घेऊन पुढे आली. "म्हणजे आम्ही उभ्या राहिलो ते फुकट?" मागून कोणीतरी म्हणाले, "लेकरांचा जोंधळा करून ठेवला ह्या बाईने." त्यानंतर कोणत्याही आजीने मूल पारड्यात ठेवू दिले नाही. पुढच्या खेपेला नरसव्वा शेवटच्या दिवसापर्यंत उभी राहिली. ते मूल तिसऱ्या दिवशी गेले. ते कोणी जोखले नव्हते. मी तेव्हा कायम झालेलो होतो.

आक्का राजीनामा देऊन माढ्याला निघून गेल्या. चारपाच वर्षांनी एका लग्नासाठी मला तिकडे जावे लागले. विचारत विचारत त्यांच्या घरी गेलो. सगळे सांगून टाकायचे ठरवूनच गेलो होतो. ओट्यावर एक सुईण आणि तिच्याबरोबर चार बायका, मधोमध तसाच पितळी तराजू. एक मूल जोखायचे होते. आक्कांनी आधी पुरचुंडी एका पारड्यात आणि वाण्याकडचे वजन दुसऱ्यात ठेवून काटा बघितला. मग पुरचुंडी सोडून जोंधळा तळहातावर पसरला, दाणा दाणा निरखला, फुंकर मारली, पुन्हा बांधली. त्यानंतर मूल.

"हे दर वेळी करता?" मी विचारले.

"दर खेपंला. सोलापुरात तवा केलं न्हाय न्हवं." त्यांनी पदराने हात पुसले. "लई इचार केला मी, कारकून. जोंधळा किडला असणार. किड्यानं आतनं पोकरला, पुरचुंडी हलकी झाली, आन् मी वर्सभर अर्धा पौंडच धरून बसले. त्यात खरा फरक बुडाला. त्या बाया माझ्या शब्दावर उभ्या ऱ्हायल्या, आन् मला साधा जोंधळा संबाळता आला न्हाय."

किडलेल्या जोंधळ्याने दोन्हीकडे सारखीच चूक झाली असती, आणि फरक होता तेवढाच राहिला असता. हे त्यांना एरवी क्षणात कळले असते. दोष स्वतःवर घेण्याच्या घाईत आपले गणितही त्यांनी सोडून दिले होते.

मी म्हणालो, "कदाचित कचेरीत काही चूक झाली असेल."

"छ्या. तुझं अक्षर बघितलंय मी. तुझ्याकडनं व्हायची न्हाय." आणि आत बघून हाक दिली, "अगं, च्या टाक. सोलापूरचा पावणा आलाय."

मी चहा प्यालो. गुळाचा होता. मग गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. पुढे केव्हातरी त्या गेल्याचे कळले. शेवटपर्यंत पुरचुंडी सोडून बघत होत्या म्हणे.

स्मरणिका काढणाऱ्यांना मी पत्र लिहिले. उत्तर आले, पुढच्या आवृत्तीत जागा झाली तर विचार करू. साहेबांना पान, आक्कांना दीड ओळ, आणि तीही खोटी. म्हणून हे माझ्याच नावाने, माझ्या त्याच चांगल्या अक्षरात लिहून ठेवतो. फरक होता. त्या बायका फुकट उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांचे उभे राहणे मी फुकट घालवले. आक्का, जोंधळा किडला नव्हता.