मागं एकशे ऐंशी मानसं बसली हायेत

आमच्या मालेगावात, म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती पोत्यात घालून जिनदासकाकांच्या दुकानात आणतो. काका पोतं सोडत नाहीत. आधी विचारतात, "जळायच्या आधी आवाज कसा करत होती?" शेतकरी तोंडाने घर्रर्र, खर्रर्र काय जमेल ते करून दाखवतो. काका डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "बेरिंग गेली. वायंडिंग बी गेलं." मग पोतं सोडतात. तेच निघतं.

त्या दुकानाच्या अर्ध्या शटरमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी जवळच्याच किन्हीराजा गावचा. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला तीनदा बसलो, तेव्हा गावात मला 'इंजिनियर' म्हणून हाक मारणारे वाढले आणि घरी जाणं नकोसं झालं. काकांनी आपल्या दुकानातला तारांचा पसारा एका बाजूला सारला आणि म्हणाले, "अमर, तुयं टेबल इथी लाव. कॉम्प्युटर बी मोटरच हाय, जरा शिकलेली." ते टेबल अजून तिथेच आहे. म्हणून काकांबद्दल मी जे वाकडं बोलेन ते खाल्ल्या मिठाला जागूनच बोलतोय, असं समजावं.

काकांची मुलगी जिनल लग्नानंतर मस्कतला गेली. तिचा नवरा पियूष तिथे नोकरीला. पहिल्या खेपेला तिला सातव्या महिन्यात डॉक्टरांनी झोपवून ठेवलं, तेव्हा काका आणि नीलमकाकू नागपूरच्या विमानतळावर गेले. बॅगा गेल्या, तपासणी झाली, विमानाच्या दारापर्यंत पोचले. दारात काकू थांबल्या. आत डोकावून म्हणाल्या, "चालवनारा कुठी हाय?" हवाईसुंदरीने पुढच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. काकू तशाच मागे फिरल्या.

हे हसण्यासारखं वाटेल. पण काकू एसटीतसुद्धा ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसतात. ती सीट नसेल तर ती गाडी सोडून दुसरीची वाट पाहतात. ड्रायव्हर जागा आहे ना, तंबाखू मळताना स्टिअरिंग सोडत नाही ना, हे त्यांना डोळ्यांनी दिसावं लागतं. इथे तर चालवणारा भिंतीआड. त्या परतल्या, त्यांच्यासोबत काकाही परतले. आणि चार दिवसांनी जिनलचं बाळ गेलं. पियूष ऑफिसात होता. पोर दवाखान्यात एकटी होती.

त्यानंतर काकू त्या विषयावर बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी जिनलला पुन्हा दिवस गेले आणि फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, या वेळी तू ये." काकू "हो" म्हणाल्या आणि फोन ठेवून तांदूळ निवडत बसल्या. निवडलेलेच.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या टेबलाशी आले. "अमर, घरी बसून विमान चालवता येते म्हनतात. ते लावून दे."

मला वाटलं, साठीत माणसाला असं काहीतरी होतं. मी आनंदाने काकांच्या घरी वरच्या खोलीत तीन मोठे पडदे लावले, तगडा कॉम्प्युटर जोडला. ढग असे की हात लावावासा वाटावा. मुंबईचं विमानतळ, धावपट्टीवरच्या रेघा, पंखांवरची चमक. मी छाती फुगवून उभा राहिलो.

काकांनी पाच मिनिटं चालवलं. "दिसते चांगलं. पन विमान वाटत नाही."

"काहून?"

"हाताले वजन नाही. आन् आवाज समोरून येऊन राह्यला. इंजिन का माह्या तोंडात हाय?"

मग तीन महिने काका त्या खोलीत घुसले. विमान वळवायच्या माझ्या प्लॅस्टिकच्या दांडीला त्यांनी मोटरसायकलच्या स्टँडच्या स्प्रिंगा लावल्या. आता ओढायला जोर लागायचा आणि सोडली की ती हाताला मागे खेचायची. भंगारातून जीपची सीट आणली. स्पीकर समोरून काढून सीटच्या मागे आणि खाली ठेवले. सीटच्या खाली जुनी मिक्सरची मोटर बसवली आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला नट घट्ट केला, म्हणजे फिरताना ती थरथरणार. पहिल्या दिवशी नट जरा मोठा लागला. विमान धावपट्टीवरून उठायच्या आत खालच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरची दोन भांडी उतरली. काकू जिन्यातून ओरडल्या, "आवो, तुमचं विमान माह्या ओट्यावर पडलं!"

नट बदलला. पण मला कबूल केलं पाहिजे, त्या दिवशी मीही सीटवर बसलो होतो आणि दोन्ही हातांनी सीटची कड धरून ठेवली होती. तीन पडद्यांनी जे केलं नव्हतं ते एका नटाने केलं.

काकांनी काही नियमही घातले. जैन कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर उड्डाणाआधी काय काय तपासायचं ते लिहिलं आणि दरवेळी बोट ठेवून वाचायचं. हवामान आजचं खरं. घड्याळ खरं, इथे चार वाजले तर तिथेही त्या वेळचंच ऊन. आणि थांबवायचं बटन वापरायचं नाही. मी म्हटलं, "काका, लघवीले तरी?" म्हणाले, "आधी जाऊन येत जा."

काकू या सगळ्याला 'खेळणं' म्हणत. दाराशी येऊन बघत आणि जात. "घरबसल्या मस्कत. चांगलं हाय. पोरीले बी अशीच भेट देऊन या." हे म्हणताना त्या हसत नसत.

नोव्हेंबरातली गोष्ट. काका दुपारी चारला मुंबईहून मस्कतला निघाले. मी इंटरनेटवरून हवामान नीट उतरतंय का बघायला बसलो होतो. त्यांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण होतं. मावळला की पाणीसुद्धा नाही. काकांनी चाळीस वर्षांत ते मोडलेलं नाही. साडेपाचला काकूंनी खालून हाक मारली. "ताट वाढलं!"

"आलो," काका म्हणाले आणि कुठेच गेले नाहीत.

पावणेसहाला दुसरी हाक. काकांनी समोर बघितलं. पडद्यावर अरबी समुद्र, आणि वर चांगला हातभर सूर्य. "दिवस हाय अजून!" ते ओरडले.

तिसऱ्या हाकेला काकू स्वतःच वर आल्या. "कोन्ता दिवस?"

"हा काय." काकांनी पडद्याकडे बोट केलं.

काकूंनी खिडकीचं दार उघडलं. बाहेर अंधार पडत होता. समोरच्या मेडिकलची ट्यूबलाइट लागली होती.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पश्चिमेकडे चाललेल्या विमानातून सूर्य उशिरा मावळतो. मस्कतचा तर आपल्यापेक्षा तासाभराने. काका त्या सूर्याच्या भरवशावर बसले होते. मी शाळेत भूगोलात काठावर पास. पण काका तर घड्याळ लावून बसले होते! त्यांना ते माहीत होतं. ते फक्त विसरले होते की आपण मालेगावात आहोत.

"घ्या," काकू म्हणाल्या, "गेलं जेवन. आता तरी उठा." मग माझ्याकडे वळल्या, "अमर, हे थांबत नाही काय?"

"थांबते ना काकू. बटन हाय."

"मंग काहून थांबवत नाही हे?"

काकांनी मान वळवली नाही. हात दांडीवर, डोळे समोर. "मागं एकशे ऐंशी मानसं बसली हायेत. जेवाले कसा जाऊ?"

काकांच्या मागे एक स्टूल, लोणच्याची बरणी आणि मी होतो. पण मी हसलो नाही. काकूही हसल्या नाहीत. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या आणि पाऊण तास उभ्याच होत्या. काकांनी मस्कतला विमान टेकवलं, कागदावर बोट ठेवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, इंजिनं बंद केली. पडद्यावर अजून ऊन होतं. मग ते उठले, पाणीही न पिता हातपाय धुवायला गेले.

काकू मला म्हणाल्या, "विमानातला तो खरा चालवनारा बी असाच असते काय रे? भुकेला बसून?"

"हो काकू," मी म्हटलं. मला काय माहीत? पण 'नाही' म्हणायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू वर आल्या आणि लोणच्याची बरणी खाली ठेवून स्टुलावर बसल्या. "चला. किती वाजता निघनार हाय?"

तिथून पुढे ते विमान काकांचं राहिलं नाही. तीन दिवसांत काकूंनी फर्मान काढलं की समोरचे पडदे दिसायला नकोत. "खऱ्या विमानात मले समोरचं दिसनार हाय काय? मंग इथी कायले?" काकांच्या सीटमागे जुन्या साडीचा पडदा लागला. स्टूल गेलं, खुर्ची आली, आणि गुडघ्यापुढे वीतभर जागा सोडून पुठ्ठा उभा केला. खिडकी म्हणून माझ्या दुकानातला सर्वांत लहान, कोपरा पिवळा पडलेला मॉनिटर उजव्या बाजूला. मी आणलेले तीन सुंदर पडदे साडीपलीकडे गेले आणि काय सांगू, काकूंच्या खुर्चीत बसल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुठेतरी चाललो आहोत. दिसत काहीच नव्हतं. ऐकू येत होतं आणि बुडाखाली थरथरत होतं.

मग आवाजांचा अभ्यास. काका साडीपलीकडून सांगत.

"हा धप्प झाला तो?"

"चाकं आत गेली."

"आन् हे आता कुंईऽऽ?"

"पंखाचा मागचा भाग सरकून राह्यला."

सर्वांत भीतीचा होता तो वर चढताना मध्येच इंजिनाचा आवाज पडण्याचा. पहिल्यांदा काकूंनी माझं मनगट असं पकडलं की नखांच्या खुणा उठल्या. "बंद पडलं! आवो, बंद पडलं!"

साडीपलीकडून काकांचा आवाज आला, दुकानात शेतकऱ्याशी बोलतात तसा. "नीलम, डोळे मीट. ऐक. खरखर हाय काय?"

"...नाही."

"घासल्यासारखं?"

"नाही. एकसारखं हाय. नुसतं हळू झालं."

"मंग मोटर चांगली हाय. चढ सरला, म्हनून कमी केलं."

चाळीस वर्षं जळक्या मोटरींच्या घरात राहिलेल्या बाईला एवढं पुरलं. आठवड्याभराने त्या मलाच शिकवायला लागल्या. मी पाण्याची बाटली घेऊन हवाईसुंदरीसारखं "काकू, काही हवं?" म्हणालो, तर म्हणाल्या, "पट्टा बांध आन् बस. उतरून राह्यलं हाय, आवाजावरून समजत नाही काय तुले?"

जानेवारीत ते दोघं मस्कतला निघाले. मी समृद्धी महामार्गाने नागपूरपर्यंत सोडायला गेलो होतो. काकू आत जाताना एकदाही मागे वळल्या नाहीत. मीच काचेला नाक लावून तासभर उभा होतो, त्या परत येतात की काय म्हणून. नाही आल्या.

पुढचं मला त्यांनी परतल्यावर सांगितलं, दोघांनी मिळून, एकमेकांना खोडत.

"उडालं ना," काकू म्हणाल्या, "तर माह्या हातावर कोनीतरी हात आवळला. पाह्यलं तर कॅप्टन! घामानं निथळलेले."

"मी पह्यल्यांदा बसलो होतो," काका म्हणाले.

"आवाज कमी झाला तर मले म्हनतात, नीलम, काही झालं काय? मी म्हनलं, डोळे मिटा. खरखर हाय काय?"

काका माझ्याकडे बघेनात.

मुंबईहून पुढचं विमान संध्याकाळचं होतं. काकूंच्या मांडीवर दशम्यांचा डबा. घड्याळात साडेसहा वाजले तरी डावीकडच्या खिडकीत सूर्य तसाच. काका म्हणाले, दिवस हाय, जेवून घे. शेजारचा प्रवासीही म्हणाला, जिथे आहात तिथला सूर्य धरा. काकूंनी खिडकीकडे बघितलं, डबा बंद केला. "तुमच्या दिवसानं एकदा उपाशी ठेवलं हाय," त्या म्हणाल्या. आणि मला सांगताना पुढे म्हणाल्या, "आन् तो बी समोर बसला होता ना रे, जेवल्याबिगर."

मस्कतला उतरताना ते बंद दार उघडलं होतं. तिशीतला एक मुलगा टोपी काखेत धरून सगळ्यांना नमस्कार करत होता. काकू त्याच्यासमोर थांबल्या. मागे रांग तुंबली. "बेटा, तुमने चलाया?"

"हाँ आंटी."

"खाना खाया?"

तो हसला. "अभी नहीं आंटी."

काकूंनी डबा उघडला, चार दशम्या कागदी रुमालात बांधून त्याच्या हातात दिल्या. पण आता रात्र झाली होती, म्हणून बजावलं, "सुबह खाना."

काका म्हणतात, त्या मुलाने टोपी डोक्यावर घातली, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "जी आंटी. सुबह."

अकरा दिवसांनी जिनलला मुलगी झाली. दवाखान्यात तिच्या उशाशी काकू होत्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी नात मला दाखवली. ती रडत होती. मी विचारलं, "काकू, कशी हाय?"

त्यांनी डोळे मिटले. "ऐक ना," म्हणाल्या, "एकसारखा आवाज हाय. काही घासत नाही."