तीन पिढ्यांची कारागिरी

हातमोज्यांच्या त्या कारखान्यात तिला सगळे मापाताई म्हणत. समोरच्याचा हात एकदा नजरेखालून गेला की तिला माप कळायचं, फीत लावायची गरज नाही. सात, साडेसात, सव्वाआठ. नवीन कोणी कामाला लागलं की शिवणाऱ्या बायका त्याला आधी तिच्यापुढे उभं करायच्या आणि मग फितीने मोजून बघायच्या. बावीस वर्षांत ती दोनदाच चुकली होती, आणि त्यातला एक हात सुजलेला होता.

तिचं काम कापणीचं. कातड्यावर ओलं फडकं फिरवायचं, टेबलाच्या कडेवर ते उभं-आडवं ओढायचं, किती ताणतंय ते बोटांनी जोखायचं आणि मगच सुरी लावायची. एकदा चुकीच्या बाजूने कापलं की तो मोजा महिनाभरात पिशवीसारखा लोंबतो. म्हणून मालक कोणालाही कापायला बसवत नसत, आणि म्हणूनच परदेशी गिऱ्हाइकं आली की त्यांना आधी हिच्याच टेबलाशी आणत. शिवाय तिला त्यांची भाषा येत होती, मोडकीतोडकी का होईना.

अकरा वर्षांपूर्वी अशाच एका पाहुण्याने विचारलं होतं, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

खरं उत्तर सोपं होतं. एका तळघरात सहा महिन्यांचा वर्ग होता आणि तिथली बाई कातडं वाकडं धरलं की पट्टीने बोटांच्या पेरांवर मारायची. ती हे सांगणार, तोच मालक मधे पडले. "वडिलांनी. त्यांना त्यांच्या वडिलांनी. तीन पिढ्या ह्याच कामात आहेत."

पाहुण्याने ते वहीत लिहून घेतलं आणि तिच्याकडे अशा आदराने पाहिलं की तिला कुठे बघावं कळेना.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "साहेब, माझे वडील पाणीखात्यात मीटर वाचतात."

"मला माहीत नाही का ते? पण ताई, असे मोजे ह्यांना दहा ठिकाणी मिळतात. ते इथे घराणं घ्यायला येतात. मोजे त्यावर फुकट."

तिने मान हलवली. कोणाचं काही बिघडत नव्हतं. आणि एकदा पचलेल्या थापेला पाय फुटतातच. पुढच्या वर्षी आजोबा सुरी कमरेला लावून गावोगाव हिंडू लागले. त्याच्या पुढच्या वर्षी वडील कापताना गुणगुणू लागले. तिखटमीठ मालक लावायचे, वाढायचं काम तिचं.

घरी तिने हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते हसून हसून खोकले होते. शर्टाचं बटण तुटलं तर बायकोला हाक मारणारा माणूस तो. पण गोष्ट त्यांना आवडली. पाहुणे येऊन गेले की संध्याकाळी विचारायचे, "काय गं, आज मी काय कापलं?"

"हरणाचं कातडं. डोळे मिटून."

"मग बरा दिसतोय मी कारागीर," असं म्हणून ते पुन्हा पेपरात डोकं घालायचे.

अकराव्या वर्षी पाहुणे यायच्या तीन आठवडे आधी वडील गेले. फिरायला निघाले होते, बुटाची नाडी बांधायला स्टुलावर बसले आणि तिथून उठलेच नाहीत. दवाखान्यात त्यांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. चादरीबाहेर एक हात राहिला होता. ती जवळ गेली, हाताकडे पाहिलं, आणि तिच्या मनात आलं, साडेनऊ. बाकी काही आलं नाही. तिने बराच वेळ वाट पाहिली. मग परिचारिकेने कागद पुढे केला आणि तिने सही केली.

चौथ्या दिवशी ती कामावर आली. बायका काही बोलायला गेल्या की ती "हो, हो" म्हणायची आणि सुरीला धार लावायची. एकीने मिठी मारली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण त्या बाईच्या खांद्यावरून भिंतीवरचं घड्याळ बघतोय. काम मात्र बिनचूक होत होतं. घरी आई आणि ती समोरासमोर बसून जेवायच्या, भांडी घासायच्या, झोपायच्या. लग्न तिने केलं नव्हतं, आणि का केलं नाही ते विचारणारेही आता थकले होते. त्यामुळे घरात आता दोन माणसं आणि तीन खुर्च्या. तिसरी हलवायची की नाही यावर दोघींपैकी कोणी बोललं नव्हतं. आई रडायची, पण आंघोळीच्या वेळी, नळ सोडून. मापाताई दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची आणि नळ बंद झाला की टॉवेल आत द्यायची.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मालकांनी तिला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. वडील गेल्याचं कळल्यावर घरी येऊन आईपाशी तासभर बसला होता. आता टेबलावरच्या पेनाशी चाळा करत मालक म्हणाले, "ताई, ह्या वेळी त्यांच्या कंपनीच्या मालकीण, त्या म्हाताऱ्या बाई, स्वतः येतायत, छायाचित्रकाराला घेऊन. त्यांना पुस्तिका काढायचीय. वडिलांना भेटायचं म्हणतायत. गेले ते सांगावंच लागेल."

"सांगते."

"नाही, म्हणजे... शेवटच्या दिवसापर्यंत हातात सुरी होती, एवढं म्हटलंस तर बरं. तुला जड जात असेल तर मी बोलतो."

"जड नाही जात," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे आले. म्हाताऱ्या बाई उंच, पाठीत किंचित वाकलेल्या. हात सात, बोटं मापापेक्षा लांब. बरोबरचा छायाचित्रकार दाढीवाला. आल्या आल्या तो खिडकीतल्या उजेडाकडे बघत स्टुलं सरकवू लागला. बाईंनी आधी मापाताईचं कापणं मन लावून पाहिलं, मग समोर बसून वही उघडली. त्या सावकाश बोलायच्या, समोरच्याला समजावं म्हणून.

"तुमचे वडील कसे आहेत?"

"ते वारले. तीन आठवडे झाले."

बाईंनी वही मिटली. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला. कपाटाशी उभ्या मालकांनी मान खाली घातली.

"मला फार वाईट वाटतं," बाई म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल काही सांगाल? लिहायला नको. नुसतंच."

"शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्या हातात सुरी होती," मापाताईने सांगितलं. वाक्य नीट आलं. पुढचं वाक्य गुणगुणण्याचं होतं, कित्येक वर्षांचं पाठ. ते येईना. शाळेत कविता म्हणताना मधलीच ओळ जावी तशी ती थांबली. मालक मदतीला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "त्यांच्या खिशात एक आरसा असायचा."

"आरसा?"

"लहान. दांडीचा. दंतवैद्याकडे असतो तसा."

"शिवणीची आतली बाजू बघायला?"

"नाही. मीटर बघायला. पाण्याचं मीटर लोकांच्या घरात कुठेही असतं. मोरीच्या मागे, जिन्याखाली, कपाटाच्या पाठीशी. मान जात नाही तिथे. मग एका हातात बॅटरी धरायची, दुसऱ्यात आरसा, आणि आकडे उलटे वाचायचे. ते उलटे आकडे सरळ वाचायचे इतके भरभर, की घरी घड्याळही आरशात बघून सांगायचे."

मालकांनी घसा खाकरला. ती थांबली नाही. तिला रागही आला नव्हता आणि धीटपणाही वाटत नव्हता. वाक्यं एकामागून एक येत होती आणि ती त्यांना वाट करून देत होती, एवढंच.

"त्यांनी कधी कातडं कापलं नाही. आजोबांनीही नाही. आजोबा काय करायचे ते मला नीट माहीत नाही. मी तळघरातल्या वर्गात शिकले. बाबा तेहतीस वर्षं मीटर वाचत होते."

बाईंनी मालकांकडे पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "कुत्री चावली का त्यांना?"

"तीनदा. दोनदा एकच कुत्रा."

दाढीवाला फिस्सकन हसला आणि लगेच ओशाळून म्हणाला, "माफ करा."

"हसा ना. तेही हसायचे. म्हणायचे, त्या कुत्र्याला माझी चव कळलीय."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आपला लांब हात टेबलावर, कापलेल्या तुकड्यांच्या शेजारी ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला. मग दाढीवाल्याने दोन-चार छायाचित्रं काढली आणि सगळे मालकांच्या खोलीत चहाला गेले.

संध्याकाळी मालक तिच्या टेबलाशी आले. आता ऐकून घ्यावं लागणार, असं धरून ती सुरी पुसत राहिली.

"ऑर्डर दिलीय त्यांनी," ते म्हणाले. "गेल्या वर्षीएवढीच." मग जरा थांबून, "तू मला आधी सांगायचंस, ताई. मी तोंडघशी पडलो ना."

"मलाच माहीत नव्हतं, साहेब."

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, ती खोटं बोलत नाही हे त्यांना पटलं असावं, आणि ते दिवे बघायला निघून गेले.

अडीच महिन्यांनी पुस्तिका आली. चौथ्या पानावर मापाताई कातडं ओढताना, आणि खाली ओळ होती: तीन पिढ्यांची कारागिरी, वडिलांकडून लेकीकडे. सोबत बाईंची चिठ्ठी. मजकूर आपल्या भेटीच्या महिनाभर आधीच छापायला गेला होता, फक्त फोटोंची जागा मोकळी होती, बदलता आला नाही, क्षमा करा. मालकांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिच्या हातात दिली. बायकांनी पुस्तिका हातोहात फिरवली. फोटोत तू बारीक दिसतेस, असं सगळ्यांचं मत पडलं.

ती पुस्तिका घरी घेऊन आली. आईने चष्मा लावला, फोटो बघितला आणि खालची ओळ काय म्हणते ते विचारलं. मापाताईने वाचून दाखवलं.

"कारागीर," आई म्हणाली. "सुईत दोरा घालता येत नव्हता." तिने पान हाताने सपाट केलं. मग नेहमीच्याच आवाजात विचारलं, "आणि माझं काय सांगायचीस त्यांना?"

अकरा वर्षांत पाहुण्यांनी वडील विचारले, आजोबा विचारले. आईचं कोणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

"विचारलंच नाही कोणी, आई."

"बरं झालं. तुला काय ठाऊक होतं सांगायला?"

"म्हणजे?"

"लग्नाआधी दोन वर्षं मी टेलिफोनच्या कचेरीत होते. डोक्याला ते यंत्र लावून. तारा जोडायला."

"हे कधी बोलली नाहीस."

"तू मोज्यांत, ते मीटरात. बोलायचं कोणाशी?" आई म्हणाली, पण त्यात तक्रार नव्हती. "आम्ही बारा मुली होतो एका ओळीत. नुसत्या 'हॅलो'वरून मला माणूस ओळखू यायचा. आमचा मुख्य तर माझ्याकडे परीक्षा घ्यायला माणसं पाठवायचा."

मापाताईने खुर्ची ओढली आणि बसली. कुठली खुर्ची ओढली ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही. छातीत अजूनही काही हलत नव्हतं, पण कान लागले होते.

"मुख्य कसा होता?" तिने विचारलं.

"टकला," आई म्हणाली. "आणि आवाज बाईसारखा. पहिल्या दिवशी मी त्याला फोनवर मावशी म्हटलं होतं."