सुमनअक्काचा कागद

माझी थोरली बहीण सुमनअक्का गेली त्या दिवशी मी खोटं बोललो. ते सांगितल्याशिवाय तिच्याबद्दल चांगलं काही लिहायचा मला अधिकार नाही, म्हणून आधी तेच सांगतो. सकाळी महादेवीबाईंचा फोन आला, "तम्मा, सुमन गेली..." कन्नडमध्ये धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, बाई मला तीस वर्षं तेच म्हणत आल्या. मी भालकीहून कलबुर्गीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्या वॉर्डाबाहेर बाकावर बसल्या होत्या. भाऊ म्हणून नर्सने अक्काची पिशवी माझ्या हातात दिली. तिच्यात चष्मा होता, गोळ्या होत्या आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद होता. आपल्यामागे आपला देह महादेवीच्या ताब्यात द्यावा, असं त्यावर अक्काने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. खाली तिची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. मी तो वाचला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात टाकला.

खिडकीवरचा कारकून अक्काला चांगला ओळखत होता. म्हणाला, "ह्या बाई हितं कितीदा दुसऱ्यांचे कागद घेऊन भांडल्यात. त्यांचा स्वतःचा असंलच की. त्या बाहेरच्या बाईपण म्हणाल्या, पिशवीत हाय म्हणून. बघा जरा."

"न्हाई," मी म्हणालो. "तसलं काई न्हाई."

त्याने रजिस्टर पुढे सरकवलं. नात्याच्या रकान्यात मी 'भाऊ' लिहिलं. माझ्या मुलीची सोयरीक उदगीरला ठरत आली होती आणि मला वाटलं, अक्काची तिरडी त्या दोघींच्या आळंदच्या घरातून उठली तर सगळं सगळ्यांना कळेल. हे कारण सांगतोय, सबब म्हणून नाही.

अक्का आणि महादेवीबाई जोडपं होत्या. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. अक्का सव्विसाव्या वर्षी भालकीजवळचं आमचं मेहकर गाव सोडून आळंदला तालुक्याच्या कचेरीत नोकरीला लागली. महादेवीबाई तिथल्याच शाळेत कन्नड शिकवायच्या. वरच्या मजल्यावरची एक खोली दोघींनी मिळून भाड्याने घेतली, पुढे घर बांधलं. माझं लग्न झाल्यावर मी बायकोला घेऊन गेलो होतो. घरात एकच पलंग होता. तो माझ्या बायकोनेही पाहिला, मीही पाहिला, आणि परतीच्या एसटीत आम्ही तुरीच्या भावावर बोलत बसलो...

दिल्लीत मुख्य कचेरी असलेली एक देशभरची संघटना आहे, समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या हक्कांसाठी झगडणारी. नोकरी सांभाळूनच अक्का तिचं काम बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांत करायची. सुरुवातीला दिल्लीहून हिंदी पत्रकं यायची. अक्काने त्यांना कळवलं, आमच्याकडच्या माणसाला आधी हे सांगा की तो दवाखान्यात पडला तर त्याच्या माणसाला आत सोडतील का, आणि मेला तर त्याला कोण नेणार, बाकीचं मागून. मग तिने तो एकपानी कागद केला. मराठीत, कन्नडमध्ये, दखनी उर्दूत. 'माझं माणूस कोण' एवढाच त्याचा मथळा. कायद्यापुढे तो किती टिकतो हे तिला पक्कं माहीत होतं. ती म्हणायची, "टिकत न्हाई म्हणूनच तर घेऊन हुबं ऱ्हायचं. एकदा हाकलतील, दहादा हाकलतील. अकराव्याला वाचतील." आणि खरंच वाचायला लागले. नंतर तोच कागद संघटनेने इतर राज्यांतही नेला.

औरादच्या आठवडी बाजारात एकदा मी तिला पाहिलं. कांदेवाला आणि भांडीवाला यांच्या मधे टेबल टाकून बसली होती. आमच्या भावकीतले एक काका आले, चारचौघांत मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "सुमन, स्वतःचं लगीन केलं न्हाईस, आता दुसऱ्यांची मोडायलीस व्हय?"

"मोडत न्हाई काका. ज्यांचं कुणी जमू देईना त्यांचं जमवायले. तुमच्या घरात कोण हाय का? नाव घालते."

कांदेवाला हसून लोळायचा बाकी राहिला. काका तरातरा निघून गेले. मी भांडीवाल्याच्या आडोशाला उभा होतो, बाहेर आलो नाही. अक्काने मला पाहिलं होतं. संध्याकाळी फोनवर म्हणाली, "पातेलं घेतलास का न्हाई मग? लई येळ बघत हुतास."

असली ही बाई. तिला त्या दिवशी मी दवाखान्यातून गाडीत घालून मेहकरला आणलं. मागोमाग जीपमधून महादेवीबाई आल्या, सोबत संघटनेची सात-आठ माणसं. त्यांतल्या दोघी तृतीयपंथी होत्या, त्यांना पाहून गल्ली गोळा झाली. आमच्यात तिरडी उचलण्याआधी जवळची माणसं एकेक करून मयताच्या तोंडात तुळशीच्या पानाने पाणी घालतात. माझी चुलती धोंडूकाकू एकेकाला हाक मारत होती. महादेवीबाईंकडे पाहून तिने विचारलं, "ही कोण रे दत्ता?"

मी म्हणालो, "सोबत काम करायच्या."

सोबत काम करणाऱ्याला कुणी पाणी घालायला बोलवत नाही. बाई तीन हातांवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या रडल्या नाहीत, पुढे आल्या नाहीत, मागेही सरल्या नाहीत. आम्ही तिरडी उचलली तेव्हा संघटनेच्या माणसांनी बाईंभोवती कडं केलं आणि सगळी तशीच आमच्या मागून चालत राहिली. गावातलं कुणीतरी म्हणालं, बायांनी यायचं नसतं. त्यावर त्यांतली एक तृतीयपंथी म्हणाली, "मग आमाला बाया म्हनायलात की आज. लई बरं वाटलं." आणि चालतच राहिली.

पंधरा दिवस मी कसेबसे काढले आणि आळंदला गेलो. बाईंनी चहा दिला. पलंगाच्या एका बाजूची उशी अजून उभी टेकवलेली होती. अक्काला बसून वाचायची सवय होती. मी खिशातला कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला.

"इथं नको, तम्मा. ह्या घरात मला कुणी कधी विचारलं न्हाई, तू कोण म्हणून. जिथं विचारलं, तिथं सांग."

"सोयरे येणार हाईत महिन्याच्या जेवणाला."

"मग बरंच हाय. मीबी येते."

घरी येऊन मी ते मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "आत्याच्या नावानं मोडायची सोयरीक असली तर जेवायच्या आदी मोडू दे, पप्पा. पत्रावळी तरी वाचतील."

महिन्याला मेहकरच्या अंगणात पंगत बसली. उदगीरचे सोयरे पहिल्या रांगेत होते. महादेवीबाई दारातून आत आल्या तशी काकू म्हणाली, "दत्ता, त्या सुमनच्या सोबत काम करायच्या बाई आल्यात. त्यान्ला तिकडं कडंला बसव."

मी वाढायची बादली खाली ठेवली.

"काकू, त्या दिवशी मी खोटं बोललो. ह्या सोबत काम करणाऱ्या न्हाईत. तीस वर्षं ह्या दोघींनी संसार केला. अक्कानं कागदावर ह्यांचंच नाव लिवलं हुतं, तो मी लपवला." सोयऱ्यांकडे मी पाहिलं नाही. हात जोडून बाईंसमोर गेलो आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना ज्या नावाने हाक मारायला हवी होती त्या नावाने मारली.

"महादेवीअक्का, तुमच्या हातचं पाणी मी तिला मिळू दिलं न्हाई. माझं चुकलं."