स्वयंपाकघरातली हजेरी

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला कॉलेजच्या दारापर्यंत पोचवलं, हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर सांगता सांगता माझंच रडगाणं पुढे येईल आणि त्या मागे राहतील. काकू मूळच्या पुण्याच्या. वीसेक वर्षं कुवेतमध्ये, नोकरी तिथल्याच दस्मान भागातल्या एका बँकेत, दुपारी लवकर सुटणारी. काका तेलाच्या कंपनीत, अर्धा महिना वाळवंटातल्या कॅम्पवर. मुलगा परदेशात, काकू फोनवर पाच वाक्यं मराठीत बोलल्या की तो ‘ओके, आई’ म्हणतो. नात्यानं त्या माझ्या कुणी लागत नाहीत.

मी परभणीची. माझी दहावी झाली त्याच उन्हाळ्यात आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं. आई इथे कुवेतमध्येच, सलवा भागात राहते, एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं. बाबांना आजोबांना आणि धाकट्या भावाला सोडून येता येईना, म्हणून मी आले, दोन-तीन महिन्यांसाठी. आईची पाठ सुधारली, ती ड्यूटीवर जायला लागली, पण वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी राहिले ती राहिलेच. अकरावीची जागा गेली. इथल्या शाळांची फी आम्हाला झेपणारी नव्हती. शेवटी मुक्त शाळेतून बारावी करायचं ठरलं. पुस्तकं घरी, परीक्षेपुरतं केंद्रावर जायचं.

आईला बहुतेक रात्रपाळी. ती सकाळी येऊन झोपली की घर मुकं व्हायचं. मी स्वयंपाकघराचं दार लावून अभ्यासाला बसायची. वाचलेलं तोंडानं बोलल्याशिवाय माझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून कुजबुजत बोलायची. त्यातून एक सवय लागली. मीच बाई आणि मीच मुलगी. आधी हजेरी. बाई माझं नाव पुकारायच्या, मी हळूच ‘हजर’ म्हणायची. मग बाई प्रश्न विचारायच्या, उत्तर चुकलं तर रागवायच्या, तेही कुजबुजूनच. तिसरं कुणी त्या वर्गात कधी आलं नाही. आई उठेपर्यंत दिवसभर माझं नाव घेणारी मी एकटीच.

मला शिक्षिकाच व्हायचं होतं. आपल्याकडच्या एका निवासी विद्यापीठात शिक्षक घडवायचा चार वर्षांचा कोर्स आहे, जागा मोजक्या. पहिल्या फेरीत अर्ज केला, मुलाखत ऑनलाइन झाली, आणि एका दुपारी निकाल आला. त्यात हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. माझा अर्ज त्यांनी पुढच्या फेरीत ढकलला होता. तिथे बाकीच्यांबरोबर तो पुन्हा वाचणार होते. तोवर, मला शिकताना पाहिलेल्या, नात्यात नसलेल्या कुणाशी तरी त्यांना फोनवर बोलायचं होतं. मी आधी गावाकडच्या हेडमास्तरांचं नाव दिलं होतं. ते निवृत्त झालेले. त्यांनी ‘वर्तणूक चांगली’ एवढंच कळवलं होतं. त्यांची काय चूक, त्यांनी मला तीन वर्षांत पाहिलंच नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

आई झोपलेली. मी बाबांना फोन लावला.

‘लागला का नंबर?’

‘पुढं ढकललंय, बाबा.’

‘म्हंजे नापास?’

‘नाही.’

‘मग पास?’

‘तसंही नाही.’

‘मग गल्लीत काय सांगू, लेकी?’

मग बाबा म्हणाले की, ये इकडं, गावातल्या कॉलेजात बारावीच्या मार्कांवर सरळ घेतात, कशाला जिवाला घोर. फोन ठेवला आणि सिंकचा नळ सोडून त्या आवाजात रडून घेतलं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काकू. तोवर आमची ओळख लिफ्टमधल्या हसण्यापुरतीच होती. आमच्या इमारतीत सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, मधल्या उभ्या पोकळीत, उघडतात, हे मला माहीत होतं. त्या डक्टमधून कुजबुजसुद्धा वर जाते, हे माहीत नव्हतं.

‘तुमच्याकडे रोज दोन मुली बोलत असतात,’ काकू म्हणाल्या. ‘आज एकटीच रडत होती. दुसरी कुठे गेली?’

मी लाजेनं मेले. पण दार लावून घेता येईना, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

काकूंनी लगेच सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी बँकेतून आल्यावर त्या माझे पर्याय ऐकायला बसल्या. ते विद्यापीठ. तसाच कोर्स असलेली एक सरकारी संस्था, तिला देशभराची प्रवेश परीक्षा, केंद्र कुवेतमध्येही होतं. परभणीचं कॉलेज. आणि इथेच राहून पत्रद्वारा पदवी. हे शेवटचं आईनं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण मी हॉस्टेलचा विषय काढला की ती उगाच कपड्यांच्या घड्या घालायला लागायची.

‘यातलं कुठलं हातचं गेलं तर तुला रडू येणार नाही?’ काकूंनी विचारलं.

मी पत्रद्वाराचं नाव घेतलं. मग परभणीचंही.

‘मग ती दोन्ही असू देत मागे, ती कुठे पळून जात नाहीत. उरलेल्या दोन्हीकडे धडपड. एकीकडेच डोळे लावून बसलीस तर वेड लागेल तुला.’

मी धीर करून म्हटलं, त्यांच्याशी फोनवर तुम्ही बोलाल का? मला वाटलं, लगेच हो म्हणतील.

‘मी तुला शिकताना पाहिलंय कुठे? ऐकलंय फक्त, तेही भांडी घासता घासता. आधी बघेन, मग बोलेन. आणि जे दिसेल तेच बोलेन, आत्ताच सांगून ठेवते.’

त्या दिवसापासून काकू बँकेतून आल्या की आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसायच्या. पहिले काही दिवस माझी बोबडीच वळली. कुणी बघत असताना स्वतःची हजेरी कशी घेणार? मग एकदा ओट्यावर लबनचा, म्हणजे इथल्या ताकाचा, डबा होता. त्यावरचं अरबी मी सहज वाचलं. खोके आणि दुकानांच्या पाट्या बघून बघून अक्षरं शिकले होते, दुसरा उद्योग काय होता? काकू बघतच राहिल्या. वीस वर्षांत त्यांना अरबीतले फक्त आकडे येत होते. त्यांच्या बँकेसमोर एक निळी पाटी आहे, रोज दिसते, आणि तिच्यावर काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नाही. मी म्हटलं, उद्या फोटो काढून आणा, मी वाचून देते.

‘नको. मीच वाचीन. शिकव मला.’

असा माझ्या वर्गात पहिल्यांदा दुसरा विद्यार्थी आला. आणि तो ढ निघाला. एक टिंब कुठलं, दोन टिंबं कुठली, काकूंना रोज नव्यानं सांगावं लागे. गृहपाठ कधी केलेला नसे. विचारलं की लहान मुलासारखं ‘ऑडिट होतं गं’ म्हणायच्या. मी त्यांना रागवायची, अर्थात कुजबुजून, कारण भिंतीपलीकडे आई झोपलेली.

मधेच त्या सरकारी संस्थेची परीक्षा झाली. तीन वर्षांत मी नुसती बोर्डाच्या पेपरांना वर्गात बसले होते. पर्यवेक्षकांनी माझं नाव पुकारलं. मी ‘हजर’ म्हटलं. त्यांनी पुन्हा पुकारलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली, तेव्हा मला कळलं की माझा आवाज बाहेर पडतच नाहीये. मागची मुलं हसली. मी हात वर केला. पेपर बरा गेला, पण घरी येताना बसमध्ये तेवढंच आठवत राहिलं. काकूंना सांगितलं, तर त्या नुसत्या ‘हं’ म्हणाल्या.

काकू तयार झाल्यावर मी त्यांचं नाव विद्यापीठाला कळवलं, आणि एका दुपारी फोन आला, काकूंच्या घरी. मी खाली सिंकपाशी उभी होते. आवाज डक्टमधून खालीही येतो. काकू इंग्रजीत बोलत होत्या, बँकेत बोलतात तशा, सावकाश. ही मुलगी फार हुशार आहे का, ते मला ठरवता येणार नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. मग म्हणाल्या, ‘तिनं मला अरबी शिकवायला घेतलं. मी वाईट विद्यार्थिनी आहे, तरी तिनं मला सोडलं नाही.’ पुढचं ऐकून माझे कान तापले. ‘ती प्रश्न फक्त स्वतःला विचारते, दुसऱ्याला विचारायला घाबरते. परीक्षेत नाव पुकारलं तर तिचा आवाज फुटला नाही. घरात आई झोपलेली असते म्हणून ती कुजबुजत शिकली आहे. तिला माणसांनी भरलेला वर्ग पाहिजे. उशीर केलात तर आवाज तसाच राहील.’

मला इतका राग आला की संध्याकाळी बेल वाजल्यावर मी दार उघडायला वेळ लावला.

‘ऐकलंस ना सगळं?’ काकूंनी विचारलं. ‘मला ठाऊक होतं तू खिडकीशी असशील.’

‘परीक्षेतलं कशाला सांगितलंत?’

‘कारण तू सांगितलंस तेव्हा ते मला समोर दिसलं,’ त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. ‘चल, आज गृहपाठ केलाय मी.’

अर्धाच केला होता.

दुसऱ्या फेरीचा निकाल मी मोबाइलवर उघडला तेव्हा आई नुकतीच झोपली होती. सवयीनं मी तो ओठातल्या ओठात वाचला. प्रवेश मिळाला होता. सरकारी संस्थेच्या यादीत माझं नाव नव्हतं, ते आधीच कळलं होतं. मी तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. कुणाला सांगू? मागे दार वाजलं. आई उठून आली होती, कमरेला पट्टा, डोळे अर्धे मिटलेले.

‘काय पुटपुटायलीस? नीट मोठ्यानं वाच. मी जागी हाय.’

मी मोठ्यानं वाचलं. आईनं ऐकून घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा जाऊन पडली. त्या दिवशी ती झोपली नाही, मला माहीत आहे. आता घरात वाकायचं काम कोण करणार, हे आम्ही दोघीही बोललो नाही. काकूंनीच नंतर सांगितलं की, सकाळ-संध्याकाळ मी खाली चक्कर टाकीन.

पुढच्या आठवड्यात मी निघते. काकू अजून निम्म्या अक्षरांपर्यंतच आल्यात. ती निळी पाटी मी मुद्दाम बघायला गेले नाही, कुणाला विचारलंही नाही. काकू, तुमचे उपकार फेडण्यासारखं आज माझ्याजवळ काही नाही. पण मी शिकवायला शिकून येईन, दर सुट्टीत येईन, आणि एक दिवस बँकेसमोरच्या फुटपाथवर आपण दोघी उभ्या राहू आणि ती पाटी तुम्ही मला वाचून दाखवाल. मोठ्यानं.