न उडालेलं छप्पर

वादळ आलं ते मे महिन्यातल्या एका बुधवारी, दुपारी चारच्या सुमाराला. आधी धुळीचा पिवळा लोट उठला, मग भाईंदर पूर्वेच्या गोडदेवातल्या सगळ्या खिडक्या धडाधड आपटल्या, आणि पाच मिनिटांत मृणालिनीबाई खातूंच्या इमारतीच्या गच्चीवरचं पत्र्याचं अख्खं छप्पर उचकटून निघालं. काही पत्रे मागच्या मोकळ्या जागेत पडले, एक चिंचेच्या झाडात अडकला आणि एक नेमका चेअरमन गुणवंतभाईंच्या नव्या कोऱ्या स्कूटरवर जाऊन बसला. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब. पण गच्ची उघडी पडली, आणि पाठोपाठ आलेल्या पावसाचं पाणी वरच्या मजल्यावरच्या चारही घरांत ठिबकायला लागलं. मृणालिनीबाईंचं घर त्या चारांतलंच.

बाई तीस वर्षं बालवाडीच्या बाई होत्या. लालबागच्या एका खोलीतून त्या आणि त्यांचे यजमान पंढरीनाथ इकडे राहायला आले, तेव्हा खिडकीतून थेट मिठागरं दिसायची. आता समोरच्यांच्या घरात कुठली सिरियल चालू आहे ते दिसतं. आवाज त्यांचा इतका मऊ की सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचायचाच नाही. त्यांना सेक्रेटरी केलं होतं ते अक्षर वळणदार म्हणून. एक मात्र होतं. बालवाडीतली पोरं दिवसभर ‘का? कुठे? कशाला?’ करत राहतात, आणि तीस वर्षांत ती सवय पोरांकडून बाईंना लागली होती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक अजून जिन्यातलं पाणी झाडत होते, तोच एक माणूस हजर झाला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात टॅब, पायात पांढरेशुभ्र बूट. नाव चंदन.

“सर्व्हेसाठी आलोय,” तो म्हणाला. कुणाचा सर्व्हे, कुणी पाठवलं, हे कुणी विचारायच्या आत तो लिफ्टमध्ये शिरलासुद्धा.

वरच्या मजल्यावर त्याने चारही घरांची छतं बघितली. बघितली म्हणजे काय, खिशातून हातोडी काढली आणि ठोकायला लागला. बाईंच्या बैठकीच्या खोलीत त्याने असा काही घाव घातला की ताटाएवढा पोपडा धाडकन खाली आला.

“बघितलंत?” चंदन गंभीर चेहऱ्याने म्हणाला. “आतून सगळं सडलंय. ही बिल्डिंग पहिला जोरदार पाऊस काढणार नाही. पत्र्यांचं सोडा हो, पूर्ण स्लॅबचं काम करावं लागेल.”

सोसायटीचे चेअरमन गुणवंतभाई शहा यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. खाली येऊन त्यांनी कमिटीला बोलावलं. चंदनने छापील फॉर्म पुढे केला. वर कंपनीचं लांबलचक नाव, खाली सहीची जागा आणि मधलं सगळं कोरं. अर्धे पैसे आजच द्यायचे होते, कारण वादळामुळे सगळीकडून मागणी आहे आणि उद्यापासून भाव वाढणार आहे.

गुणवंतभाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“तुम्ही याआधी कुठे काम केलंय?” मृणालिनीबाईंनी विचारलं.

“शंभर बिल्डिंगा केल्यात, मॅडम.”

“त्यातली एक सांगा.”

चंदन हसला. “अहो, पूर्ण मीरा-भाईंदर भरलंय आमच्या कामांनी.”

“हो, पण एक सांगा ना. नाव आणि पत्ता. आणि या फॉर्मवर मधे काय लिहिणार आहात? पत्रे किती जाड, काम किती दिवसांत?”

आवाज नेहमीसारखाच मऊ होता, पण बाई गप्प बसेनात. शेवटी चंदनने काशीमीऱ्याच्या एका इमारतीचं नाव फेकलं आणि ऑफिसचा पत्ता असलेलं कार्ड टेबलावर ठेवलं.

“संध्याकाळपर्यंत कळवतो,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गुणवंतभाईंच्या हातातलं पेन हलकेच काढून घेतलं.

“भाभी, बारिश आ जाएगी!” गुणवंतभाई रडकुंडीला आले. “छत माथा पे पडेल तर कोण जिम्मेदार?”

“मीही त्याच छताखाली राहते, गुणवंतभाई. संध्याकाळपर्यंतच थांबा.”

बाईंनी पंढरीनाथांना उठवलं. छापखान्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचा. त्यांनी काही न विचारता चप्पल पायात सरकवली, आणि दोघं रिक्षाने काशीमीऱ्याला निघाले.

कार्डावरच्या पत्त्यावर ऑफिस नव्हतं. ट्रकच्या टायरचं पंक्चर काढायचं दुकान होतं. मालकाने कार्ड बघितलं आणि काळा हात कपाळाला लावला.

“सुबह से आप पाँचवे हो,” तो म्हणाला. “मैंने तो बोर्ड लगाने का सोच लिया है, कि यहाँ सिर्फ टायर मिलता है.” वर त्याने दोघांना चहा पाजला.

इमारत मात्र खरोखर होती. तिथल्या बायकांनी चंदनचं नाव काढताच बाईंना हाताला धरून गच्चीवर नेलं. गेल्या वर्षी त्याने गच्चीवरच्या जुन्या लाद्या उखडल्या होत्या, पैसे घेतले होते आणि ‘सामान घेऊन येतो’ म्हणून गेला होता. उखडलेल्या गच्चीत त्यानंतरचा अख्खा पावसाळा बेडूक नांदले होते.

“तुमच्याकडे त्याचा नवीन नंबर आहे?” एकीने विचारलं. “आम्हाला द्या. सगळं लेखी मांडून आम्ही पोलिसांत तक्रार करणारच आहोत.”

बाईंनी नंबर दिला, उखडलेल्या गच्चीचे फोटो काढले आणि संध्याकाळी कमिटीपुढे ठेवले. गुणवंतभाईंनी फोटो तीनदा बघितले, तिन्ही वेळा “हे भगवान” म्हणाले आणि तो कोरा फॉर्म टराटरा फाडून टाकला.

चंदनचा फोन आला तेव्हा बाईंनी स्वतःच घेतला. काम देणार नाही म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. “तुम्हाला यातलं काय कळतं हो, मॅडम?”

“काही कळत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर काशीमीऱ्याला जाऊन विचारून आले.”

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. पंढरीनाथ खुर्चीत बसल्या बसल्या इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण गच्ची उघडी ती उघडीच. शुक्रवारी आणखी तिघे येऊन गेले. एक जण तर इस्त्रीचे कपडे पोचवायला यायचा तोच होता. वादळानंतर रातोरात काँट्रॅक्टर झाला होता. विश्वास ठेवायचा कुणावर? बाई खिडकीत उभ्या राहून तास न् तास आजूबाजूच्या गच्च्या बघत होत्या. सगळीकडे तुटके अँगल आणि निळ्या ताडपत्र्या.

“सगळ्यांचेच पत्रे उडालेत,” त्या वैतागून म्हणाल्या. “विचारायचं तरी कुणाला?”

“ज्यांचे उडाले नाहीत त्यांना,” पंढरीनाथ म्हणाले. ते त्यांचं त्या दिवसातलं बहुधा तिसरंच वाक्य होतं.

बाई वळल्या. नवऱ्याकडे त्यांनी असं बघितलं, की पंढरीनाथ वीस वर्षांनी लाजले.

वारा आला होता समुद्राकडून. म्हणजे सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात तो लागला असणार उत्तनच्या पट्ट्यातल्या गावांना. शनिवारी सकाळी दोघं भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस पकडून तिकडे गेले आणि समुद्राच्या कडेकडेने चालत तारोडीत पोचले. गावात वाऱ्याने धुमाकूळ घातला होता. माड आडवे झाले होते, कौलं फुटली होती, पत्रे कुंपणांना लटकत होते. आणि या सगळ्याच्या मधोमध, अगदी समुद्राच्या तोंडाशी, एक घर निळ्या पत्र्यांचं छप्पर डोक्यावर घेऊन जसंच्या तसं उभं होतं.

ओट्यावर एक म्हातारी वाळत घातलेले बोंबील उलटवत होती. तिचं नाव कृष्णाबाई.

“मावशी, हे छप्पर कुणी घातलं?” बाईंनी विचारलं.

“कनाला इचारता? मोडलाय का कुठं?” कृष्णाबाईने दचकून वर बघितलं.

“मोडलं नाही म्हणूनच विचारतेय.”

म्हातारी खळखळून हसली. “माझ्या पोरानं घातलाय. भूपेशनं. होडीला जाताना दर्याचा वारा अंगावर घेतलाय त्यानं, त्याला म्हाईत हाय वारा कुठनं शिरतो तां. आजपर्यंत एक पत्रा हललेला न्हाय.”

भूपेश शेजारच्या घराच्या छपरावरच होता. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला गडी. आधी बापाबरोबर मासेमारी, मग भाईंदरला वेल्डिंग शिकलेला. त्याने वरूनच सगळं ऐकून घेतलं.

“बाई, लगेच न्हाय जमणार. आधी गावातली घरं होऊ दे. दहा दिवस लागतील.”

“आणि आगाऊ रक्कम?”

“आता नको. पत्रे तुम्हीच घ्या, मी दुकानात बरोबर येतो. मजुरी काम बघून द्या.”

‘नाही जमणार’ हे ऐकून एवढा आनंद बाईंना आयुष्यात कधी झाला नव्हता.

सोमवारी भूपेश गोडदेवला येऊन गच्ची बघून गेला. बाईंच्या बैठकीच्या खोलीत तो स्टुलावर चढला, छताला बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, आणि पोपडा पडलेली जागा निरखून बघितली.

“स्लॅब चांगला हाय तुमचा. आत बघा, गंजाचा डाग न्हाय. प्लास्टर वरवरचं फुगलं होतं, त्यावर कुणीतरी जोरात हातोडी मारलीय.”

गुणवंतभाईंनी त्या क्षणी भूपेशला मिठी मारली. भूपेश स्टुलावर असल्याने ती गुडघ्यांना बसली.

बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात एक कागद लिहिला. पत्र्याची जाडी, बोल्ट कसले, कडेने लोखंडी पट्टी मारायची, काम किती दिवसांत, मजुरी कधी. दोघांनी सह्या केल्या. भूपेशने आधी पूर्ण वाचला आणि “ह्यात एक राहिलं” म्हणून स्वतःच एक ओळ वाढवली, की पुढच्या पावसाळ्याआधी येऊन सगळे बोल्ट एकदा तपासून देईन.

ते दहा दिवस इमारतीने कसे काढले, हे विचारू नका. एरवी पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं ताडपत्रीची चार टोकं धरून उभी राहिली. खालच्या मजल्यावरच्या ममता वहिनींनी वरच्या चारही घरांच्या गाद्या आपल्याकडे ठेवून घेतल्या. एका संध्याकाळी सरीने ताडपत्री वाकली आणि साठलेलं पाणी थेट गुणवंतभाईंच्या डोक्यावर ओतलं गेलं. त्यानंतर कितीतरी दिवस लिफ्टमध्ये कुणी त्यांच्याकडे बघून हसू आवरू शकत नव्हतं. तेही नाही.

भूपेश बरोबर अकराव्या दिवशी आला आणि चार दिवसांत छप्पर उभं केलं. शेवटच्या दिवशी कृष्णाबाई मुलाचं काम बघायला आली. लिफ्टमध्ये पहिल्यांदाच बसलेली ती म्हातारी गच्चीवर पोचली तेव्हा नऊवारीचा पदर कमरेला खोचून तिने एकेक खांब हलवून बघितला. मग पिशवीतून वाळक्या बोंबलांची जुडी काढून तिने ती मोठ्या मानाने चेअरमनसाहेबांच्या हातात दिली. आयुष्यात कांदासुद्धा न खाल्लेले गुणवंतभाई ती जुडी दोन बोटांत धरून, श्वास रोखून, तोंडभर हसत उभे राहिले. “बहुत बढिया, मावशी, बहुत बढिया!” पंढरीनाथांनी पुढे होऊन ती जुडी अलगद सोडवून घेतली.

बातमी गोडदेवात फिरली. आजूबाजूच्या सोसायट्यांतून बाईंना फोन यायला लागले, कुणाचं छप्पर, कुणाची गळती, कुणाचा ‘आजच सही करा’वाला. मृणालिनीबाई नाव सांगत नाहीत. त्या म्हणतात, “रविवारी सकाळी चला माझ्याबरोबर, स्वतः बघा.”

आता रविवारच्या उत्तनच्या बसमध्ये डोक्यावर टोप्या घातलेल्या सात-आठ बायका असतात. उतरल्यावर त्या माना वर करून गावभर फिरतात, धड राहिलेल्या घरांची दारं ठोठावतात, “हे कुणी केलं हो?” विचारतात, वहीत लिहून घेतात. मग समुद्राकडे तोंड करून बांधावर बसतात आणि डबे उघडतात. परवा ममता वहिनींनी थालीपिठं आणली होती. कृष्णाबाईने सगळ्यांना ताज्या कोलंबीचं कालवण वाढलं, आणि मृणालिनीबाईंनी, मऊ आवाजात का होईना, “अजून थोडं” म्हणत दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला.