काकांचा एकच मेल

तारकर्लीतल्या आमच्या शेजारच्या काकांनी उभ्या जन्मात एकच ईमेल सुरू केला आणि तो कधी संपू दिला नाही. मी आठवीत शाळा सोडलेली. मस्कतच्या हॉटेलात काम मिळावं म्हणून माझा अर्ज त्यांनीच, दोन बोटांनी, संगणकाला दम देत देत टाईप केला. विषय: ‘नोकरीसाठी अर्ज’. त्या अर्जावर मी आजही जेवतो. पण नोकरी लागून वर्षं लोटली तरी काका नवा मेल म्हणून उघडायला तयार नाहीत. त्याच अर्जाला उत्तर द्यायचे, आणि तेही ‘सगळ्यांना’. अशी उत्तरं एकाच मथळ्याखाली एकाखाली एक रचत जायची ही मेलची रीत. त्यामुळे कोणाच्या माडावर कोण चढला, कोणाची म्हैस कुठे गेली, हे सगळं माझ्याबरोबर आमच्या मॅनेजरसाहेबांनाही पोचे. साहेब केरळचे, संगणकाकडून भाषांतर करून घेऊन वाचत. एकदा त्यांनी केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा नोकरी गेलीच असं मी धरून चाललो. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, “म्हैस सापडली का?”

सुट्टीत मी म्हटलं, “काका, नवीन मेल करा हो.”

“कित्याक रे? एका माणसाचा एकच गाऱ्हाणा. ताच फुडे चालवचा. तू नुसता व्हय म्हाराजा म्हण!”

देवळात गाऱ्हाणं घालणारा थांबला की बाकीचे म्हणतात, तसं मी प्रत्येक मेलखाली ‘व्हय म्हाराजा’ लिहू लागलो.

घरी आई एकटी, आणि तिचं हृदय थकत चाललेलं. फोनवर विचारलं की एकच: “मी बरी आसंय रे. तू जेवलंस?” खरं काय ते काका लिहीत: ‘पाय सुजून भोपळे झालेत. रात बसान काढल्यान.’ त्या सुट्टीनंतर मी मस्कतला निघताना त्यांनी मला बजावलं होतं, “अर्जात लिवतंय तवसर आवस आसा, समज. वायट झाला तर नवो मेल धाडीन. नोकरीच्या अर्जात मरण घालूचंय नाय.”

तेव्हापासून मेल उघडताना मी आधी मथळा बघे: जुनाच असला, तर आई आहे.

परवा कांदा चिरताना मोबाईल वाजला. पत्ता काकांचा, पण मेल अर्जाखाली नव्हता. वेगळा, एकटाच, विषयाची जागा रिकामी. सुरी खाली ठेवली, हात पुसले. मेल उघडला. काकांच्या सुनेने लिहिलं होतं: ‘मामंजी सकाळी गेले. तुझी आई सांगते ते पुढे लिहिते.’ पुढे आई: ‘काका गेले रे. आता माजा बरावाईट तुका कोण कळवतलो? मी बरी आसंय.’

म्हणजे आई आहे. पण ती खरंच बरी आहे का, हे आता मी कोणाला विचारू?

मी जुना अर्ज उघडला. काकांचं शेवटचं उत्तर तसंच होतं: ‘आवशीची सूज उतारली. माका वायच खोकलो.’ त्याखाली मी लिहिलं, ‘काका गेले. व्हय म्हाराजा.’ आणि सगळ्यांना पाठवलं.

थोड्या वेळाने त्याच मथळ्याखाली साहेबांचं उत्तर आलं, इतक्या वर्षांतलं पहिलं. त्यांनीही तेवढंच लिहिलं होतं: ‘व्हय म्हाराजा.’