एका घरातली दोन खाती

आमच्या अमरावतीच्या घराला वरच्या मजल्यावर एकच खोली आहे आणि त्या खोलीत एकच कूलर आहे. ही माहिती मी एका परदेशी कंपनीला इंग्रजीत सविस्तर लिहून कळवली, तेव्हा माझी बायको म्हणाली, "आता त्यायले घराचा नकाशाई पाठवसान तुमी." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मी वकील. कोर्टात जाणं सुटलं, पण चिडणं काही सुटलेलं नाही. हयात गेली ती वाटणीच्या दाव्यांत. भावाभावांची वावरं वाटली, विहिरी वाटल्या, एकदा एका लिंबाच्या झाडावरून दोन भाऊ हायकोर्टापर्यंत जायला निघाले होते, त्यांना कसंबसं थोपवलं. अशी सगळी घरं फोडून संध्याकाळी मी माझ्या न फुटलेल्या घरी यायचो. दोन मुलगे, एक सून, सगळे एका ताटलीतला ठेचा खाणारे. याचा मला जरा जास्तच तोरा होता.

थोरला अकोल्याला विमा कंपनीत आहे. रोज पहाटे उठून बडनेऱ्याला गाडी धरतो आणि दिवे लागल्यावर घरी येतो. त्याची बायको माहेरची अकोल्याची, कापसाच्या दलालाची मुलगी. लग्नानंतर ती इथल्या एका शाळेत शिकवायची. ती शाळा बंद पडली आणि सूनबाई वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायला लागली. डॉलर, पौंड, येन यांचे भाव पाहायचे, घ्यायचे आणि विकायचे. मला वाटलं, महिनाभराचं खूळ आहे. पण ती दलालाची मुलगी. भाव पडला म्हणून घाबरायचं नाही आणि चढला म्हणून नाचायचं नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

मग तिनं मला त्या कंपन्यांबद्दल सांगितलं. या कंपन्या परीक्षा घेतात. आपण फी भरायची, त्यांनी दिलेल्या खात्यावर त्यांचे नियम पाळून नफा काढून दाखवायचा. पास झालं की कंपनी मोठं खातं देते आणि त्यावरच्या नफ्यातला मोठा हिस्सा आपल्याला मिळतो. मी उलटतपासणी घेतली.

"पैसा त्यायचा, तोटा त्यायचा, नफ्यात हिस्सा तुझा. मंग त्यायचं पोट कायवर भरते?"

"नापास होणाऱ्यायच्या फीवर, बाबा," ती म्हणाली. "बहुतेक जण नापासच होतात."

इतकं सरळ उत्तर मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून क्वचितच मिळालं होतं. कायद्याच्या दृष्टीनं हे काठावरचं प्रकरण आहे, हे मी तिला तिथल्या तिथे ऐकवलं. तिनं ते ऐकून घेतलं आणि तीन कंपन्यांची तुलना माझ्यापुढे मांडली. पहिली नफ्यातला सगळ्यात मोठा हिस्सा देत होती, पण तिथे तोट्याची मर्यादा नफ्यामागे वर सरकायची. म्हणजे आज कमावलं की उद्या चुकायला तेवढीच कमी जागा. दुसरीची फी स्वस्त, पण मोठी बातमी यायच्या वेळी सौद्याला हात लावायचा नाही. तिसरी महाग, हिस्साही कमी, पण मर्यादा एकदा ठरली की ठरली, आणि पैसे वेळेवर देते असं लोक सांगत होते. तिनं तिसरी घेतली. मी म्हटलं, किती देतात ते सगळे पहिल्याच पानावर सांगतात, कशासाठी नाकारतात ते हुडकावं लागतं. ती हसली आणि पोळ्या लाटायला गेली.

ती पास झाली. पण त्याच सुमारास अकोल्याची एक शाळा पुढे आली. तिच्या वडिलांनी शब्द टाकला होता, जूनपासून नोकरी. थोरला रोजच्या अप-डाउननं थकलेला होताच. दोघांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. शाळा उघडायच्या आधी कंपनीकडून पहिले पैसे हातात पडले, तर हे काम खरं समजायचं आणि इथेच राहायचं. नाही पडले, तर नोकरी घेऊन अकोल्याला भाड्यानं बिऱ्हाड करायचं. त्या दिवशी बायकोच्या हातून वरणात मीठ दोनदा पडलं. मला ते जायला नको होते. लोकांना वाटणीचे फायदे समजावून सांगणारा मी, स्वतःच्या घरातून दोन माणसं कमी होणार म्हणून धास्तावलो होतो.

आता धाकट्याचं. तो इंजिनिअर. पुण्याची नोकरी गेल्यावर घरी आला आणि वर्षभर कुणाशी धड बोलला नाही. वहिनीचं पाहून तो यात पडला. तीच कंपनी, तीच परीक्षा, तोही पास. तेव्हापासून तो जेवताना बोलायला लागला होता. दुपारी लंडनचा बाजार उघडला की दीर-भावजय वरच्या खोलीत कूलरसमोर शेजारी-शेजारी खुर्च्या टाकून बसायचे. दोघांचा नफा झाला. दोघांनी पैसे मागितले.

पैशांऐवजी पत्र आलं. एकाच घरातल्या इंटरनेटवरून दोन खाती, दोन्ही खात्यांत त्याच वेळी तेच सौदे. खुलासा करा, तोवर दोन्ही खाती थांबवली आहेत.

माझं डोकं सणकलं. मी तिन्ही कंपन्यांचे नियम छापून घेतले आणि चष्मा लावून बसलो. पहिली एका घरात एकच खातं देत होती. दुसरी दोन देत होती, पण आधी कळवायला हवं होतं. तिसरी, आमची, दोन्ही चालवून घेत होती, फक्त एकानं दुसऱ्याची नक्कल करायची नाही. हिस्सा, फी, मर्यादा सगळं आम्ही घासून पाहिलं होतं. एका घरात दोघं राहतात, हा मुद्दा असू शकतो, हेच आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे एका घरात राहण्याचा खुलासा कुणी मागत नाही.

मी धाकट्याला बोलावलं. "तू वयनीचं पाहून लावत होता का?"

"नाई, बाबा."

अशिलावर विश्वास ठेवायची मला जन्माची सवय. मी कागद ओढला. आमच्या भागात एकत्र राहणं हे कारस्थान नसून कुटुंब असतं, विदर्भातलं ऊन काय असतं, खोली एकच का, कूलर एकच का, आणि दोघांचे निर्णय कसे स्वतंत्र असतात, हे मी इतकं ठणकावून लिहिलं की माझं मलाच बरं वाटलं. सूनबाईनं ते टाईप केलं. टाईप करताना ती एका ठिकाणी थांबली होती, ते मी पाहिलं, पण विचारलं नाही.

कंपनीचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. शब्द थोडे, पण सोबत दोघांच्या सौद्यांच्या वेळा. तिचा सौदा, लगेच मागून त्याचा. पुन्हा तिचा, पुन्हा मागून त्याचा. खालपर्यंत तेच. पलीकडच्या वकिलानं इतका चोख पुरावा आणला असता, तर मी तडजोडच केली असती.

धाकटा दारात उभा होता. त्यानं माझा चेहरा पाहिला.

"मी वयनीच्या मांगं लावत होतो, बाबा," तो म्हणाला. "पास बी तसाच झालो. मले यातलं काई येत नाई."

मी ओरडणार होतो. पण तो लॅपटॉपसमोर बसला आणि कंपनीला स्वतःच पत्र लिहायला लागला. नक्कल मी केली, माझं खातं बंद करा, सौदे तिचे आहेत, तिचे पैसे तिला द्या. शेवटी त्यानं लिहिलं, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मागे उभा राहून वाचत होतो. उभ्या हयातीत स्वतःचा दावा असा स्वतःच्या हातानं बुडवणारा माणूस मी पाहिला नव्हता. चीड कुठे गेली कळलं नाही, मला त्याचा अभिमान वाटला.

तेवढ्यात सूनबाई आत आली. तिनं पत्र वाचलं.

"शेवटचं वाक्य काढा, भाऊजी. मले माहीत होतं."

"वयनी, तुमचे पैसे अडकतीन."

"अडकू द्या. मी मोठ्यानं भाव बोलून राहिली होती, ते कोणासाठी? तुमी जेवताना बोलायले लागले होते, म्हणून बोलत होती."

मी तिला वकील म्हणून सल्ला द्यायला हवा होता, की न विचारलेलं सांगू नये. मी खुर्ची तिच्याकडे सरकवली. तिनं स्वतः ते वाक्य खोडलं, खरं काय ते लिहिलं आणि पत्र पाठवून दिलं. त्या वेळी आमचं घर एकत्र राहणं तिच्या त्या पैशांवर अवलंबून होतं, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. बायकोनं अकोल्याला न्यायची भांडी मनातल्या मनात वेगळी काढून ठेवली होती. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले आणि एका सकाळी उत्तर आलं. धाकट्याचं खातं कायमचं बंद. सूनबाईचे सौदे तिचेच आहेत असं दिसतं, तिला कडक ताकीद देऊन पैसे पाठवत आहोत. थोरला त्या संध्याकाळी अकोल्याहून आला तो पेढे घेऊनच, आणि शाळेला नकार कळवून आला.

सगळे हसत होते. धाकटाही हसला, पण पेढा त्यानं हातातच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाई वर गेली. धाकटा खालीच, माझ्यासमोर, पंख्याखाली घामाघूम होऊन बसला. जेवतानाही तो पुन्हा गप्प होता. वरून कूलरचा आवाज येत होता. जरा वेळानं जिन्यावर पावलं वाजली.

"भाऊजी, काहून बसले इथं गर्मीत? वर चला."

"नको, वयनी. तुमच्या खात्यावर बालंट येईन."

"आता तुमचं खातं कुठी हाये? नुसते बसा. या खेपेनं मी शिकवते, पाहून लावाले नाई, समजून घ्याले." आणि ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुमी सांगा. त्यायच्या नियमात बसत नाई का हे?"

मी ते नियम पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचले होते. मी म्हटलं, "शेजारी खुर्ची टाकू नये, असं कुठंच लिहिलं नाई."

धाकटा उठला. त्याच्यामागून मीही जिना चढलो, कारण आमच्या घरात कूलर एकच होता.